टिळा चुकला

लातूरला मेंदूच्या डॉक्टरांकडं नंबर लावून बसलेल्या सिंधुताईंचे डोळे मोबाइलवर होते, कान मात्र शेजारच्या बाकावर. तिथं देवणीचे केरबा आणि त्यांच्या ऋतुजाला सून करून घेण्याआधी खात्री करायला आलेले जळकोटचे दगडोबा, दोघं नुकतेच डॉक्टरांना भेटून बसले होते.

"सुपारीच्या दिवशी टिळा लावताना तुमचं बोट माझ्या डोळ्यात गेलं, तवाच म्या ओळखलं, पाव्हणं घेऊन आलेत."

"थेंबभर बी घेत न्हाई. डॉक्टरनं तुमच्यासमोरच सांगितलं की."

"काय सांगितलं? परत सांगा बरं."

"मानेच्या वर, मागल्या बाजूला ल्हान मेंदू असतो. हात कुठवर न्यायचा, कुठं थांबवायचा, चालताना तोल कसा धरायचा, समदं त्याच्याकडं. माझा तो सुकून राहिला."

"हे घराण्यात उतरतं का?"

"कधीमधी उतरतं, म्हणले."

"म्हंजी ऋतुजाला बी?"

"तिला अजून काईच न्हाई."

"अजून. दारू असती तर चाललं असतं, केरबा. बापाची दारू पोरीत उतरत न्हाई."

केरबांनी डॉक्टरांचा कागद घडी करून खिशात घातला.

"मग घरी सांगा, म्या पितो म्हणून."