दुपारचा स्वेटर

रक्त तपासायला आलेल्या मास्तरीणबाईंनी पेपर तोंडापुढे धरला होता, पण कान होते शेजारच्या बाकावरच्या बापलेकीकडे.

“हिमोग्लोबिन उतरलंय तुझं. भर दुपारी स्वेटर घालून पळणं म्हणजे जिवाशी खेळ.”

“कोचनीच सांगितलंय, बाबा. उन्हात सराव केला की आधी रक्तातलं पाणी वाढतं. साखर तेवढीच आणि पाणी जास्त, मग सरबत अगोड लागणारच.”

“आणि साखर कधी वाढायची?”

“महिनाभर दम धरा. शरीर सावकाश भर घालतं.”

“दम धरा म्हणे. इथे माझा जीव टांगणीला लागलाय.”

“तुम्ही सायकलवरून मागे असता ना, म्हणून तर मी बिनघोर पळते.”

आतून हाक आली. मुलीआधी बापच उठला.

“तुम्ही कुठे निघालात? रक्त माझं द्यायचंय.”

“आधी माझं. काल जरा चक्कर आली होती.”

“नुसती सायकल चालवून?”

“सदऱ्याच्या आत स्वेटर होता.”

“तुमच्या? कशासाठी?”

“तू पुढे एकटीच उकडून निघतेस. मी मागून गार वारा खात येऊ होय?”