पहिली बास्केट पडेपर्यंत

गुडघ्याच्या डॉक्टरांकडे माझ्याआधी दोघी जणी होत्या. दोघी सत्तरीच्या, अंगात कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचे निळे स्वेटशर्ट. डोरीन खुर्चीत बसलेली, आर्लिस काठी टेकून उभी.

"शुक्रवारची मॅच टीव्हीवर बघ, आर्लिस. एवढ्या बर्फातून सात तास बसने जायचं, वर तिथे उभं राहायचं!"

"आपल्या पोरींची पहिली बास्केट पडेपर्यंतच. तोवर आपल्या प्रेक्षकांतलं कोणी बसतं का?"

"मागच्या मॅचला ती पडायला पाच मिनिटं लागली."

"राहिले ना उभी?"

"राहिलीस. मग चार दिवस तुला जिना उतरवेना."

"आणि पोरी जिंकल्या की नाही?"

"तुझ्या गुडघ्यामुळे?"

"ते मला नाही माहीत. पण ती आपली उंच पोर सुजलेला घोटा बांधून चाळीस मिनिटं खेळली. मला पाच जमू नयेत?"

"आता समोर देशातला पहिल्या नंबरचा संघ आहे, बाई. हरलो की स्पर्धेतून घरी. या वेळी दहाही लागतील."

"तेच धरून चाललेय."

नर्स बाहेर डोकावली. "बसून घ्या ना. डॉक्टरांना अजून अर्धा तास लागेल."

आर्लिसनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"सहा मिनिटं झालीत. दहा झाली की बसते."