बारा आणे ओल

नाही, मी म्हणतो, उघडं करायचं होतं तर आधी चार दिवस सांगायचं ना! ऐनवेळी सांगतात! सोमवारी सकाळी विनिता मॅडम, म्हणजे आमच्या कंपनीच्या मालकीण, दापोड्याच्या त्या ऑफिसात, ऑफिस कसलं हो, गोदामात मधे काच लावलीय, एका बाजूला आम्ही आणि दुसऱ्या बाजूला डायपरचे खोके, तर तिथे येऊन टाळी वाजवून म्हणतात, "प्रितेश, शेतीच्या माहितीचा सामायिक प्लॅटफॉर्म होतोय! सगळ्या कंपन्या आपापला डेटा त्यात टाकणार. आता सगळं सगळ्यांना दिसणार!"

तुम्हाला सांगतो, मी आधी दार कुठे आहे ते बघितलं.

का म्हणून विचारा. विचारा तर! आमची कंपनी विकते काय, तर शेतात रोवायचं यंत्र. ते जमिनीतली ओल मोजतं, आकडा फोनवर येतो, मग शेतकऱ्याला मेसेज जातो, आज भेंडीला पाणी द्या, आज देऊ नका. छान आहे की! फक्त दिघाशीला गुणाबाईच्या शेतात रोवलेलं आमचं यंत्र दोन महिन्यांत बंद पडलं, कारण तिच्या नवऱ्यानं, चिंधूकाकांनी, त्याला म्हैस बांधली. वर मलाच सांगतात, "खुटा म्हनून लय बेस हाय रं तुजा!" आता हे मॅडमना कोण सांगणार? मग मी काय केलं... रोज सकाळी बांधावर जायचं, "मावशी, ओल किती?" की गुणाबाई भेंडीच्या सरीत टाच दाबायची, जराशी थांबायची आणि म्हणायची, "बारा आनं हाय." सोळा आण्यांतले बारा म्हणजे पंच्याहत्तर टक्के. टाकला आकडा! "आज दहा आनं." साडेबासष्ट. टाकला! सात महिने, हो! मॅडम खूश, भेंडी हिरवीगार, कोणाची तक्रार नाही... आणि आता म्हणे सगळं सगळ्यांना दिसणार!

बरं, त्याच शेतात भूपेशच्या कंपनीचं यंत्र, कुणालच्याही कंपनीचं. फुकट म्हटल्यावर गुणाबाई कशाला नाही म्हणेल? आणि आम्ही तिघं, तिन्ही कंपन्यांची फिरती पोरं, एकमेकांचे दुश्मन. मॅडमनी माझ्याकडून सही घेतलेली, आपला आकडा बाहेर फुटता कामा नये. भूपेश समोरून आला की मी फोन पालथा धरायचो! आता त्या दोघांचे आकडे खरे यंत्राचे आणि माझे टाचेचे, शेजारी शेजारी ठेवल्यावर काय होणार? नोकरी जाणार, दुसरं काय! आणि नोकरीचं एक वेळ सोडा हो, आमचे बाबा! केसरीनाथशेट! हळदीत, बारशात, बाराव्यालासुद्धा सांगत फिरतात, "आमचा पोरगा डेटात हाय!" त्यांना मी काय तोंड दाखवू? तीन दिवस जेवलो नाही मी. आई म्हणते, काविळीचं औषध घे.

गुरुवारी मीटिंग. तिन्ही कंपन्यांचे मालक, समोर हा मोठा पडदा. प्लॅटफॉर्मची ती इंजिनिअर, निशा, बटण दाबते... निळी रेघ आमची. मी डोळे मिटले. लाल रेघ भूपेशची, हिरवी कुणालची... आणि मॅडमचा आवाज, "अगं बाई!" डोळे उघडतो तर काय? तीन रेघा नाहीतच, एकच! एकावर एक, तंतोतंत! पंच्याहत्तर, पंच्याहत्तर, पंच्याहत्तर! साडेबासष्ट तर साडेबासष्ट, अर्ध्या टक्क्यालासुद्धा फरक नाही! टाळ्या पडल्या, राव! मॅडम माझी पाठ थोपटतायत, आणि माझ्या डोक्यात मात्र... अरे, हे कसं झालं?

तेवढ्यात निशा चष्मा वर करून म्हणते, "पण चौदा आणि पंधरा तारखेला तिन्ही यंत्रं एकदमच कशी बंद?"

माझ्या तोंडातून निघून गेलं हो! "ती अकलोलीला गेली होती!" आणि मागून भूपेश, "गरम पाण्याच्या कुंडावर!" आणि कोपऱ्यातून कुणाल, "गुडघे शेकायला!"

झालं! एकाची वायर उंदरांनी खाल्लेली, दुसऱ्याचं यंत्रच चोरीला गेलेलं, आणि तिघंही एकाच बाईच्या टाचेवर जगत होतो! मी सकाळी सातला, भूपेश आठला, कुणाल नवाला! मालक लोक एकमेकांकडे बघतायत. ज्याच्यासाठी कागदांवर सह्या घेतल्या, कुलपं लावली, ते गुपित तिघांचं एकच निघालं! म्हटलं प्रितेश, संपलं, घरी जा. पण निशा म्हणाली, "थांबा, तपासायला आम्ही गेले दहा दिवस तिथं गुपचूप आमचं यंत्र लावलंय." पुन्हा बटण... चौथी रेघ आली आणि बसली की जवळजवळ त्यावरच! बाई बरोबर होती! अहो, मॅडम आधी लाल झाल्या, मग हसायला लागल्या, हसता हसता खुर्चीत बसल्या, आणि मला जे हलकं वाटलं ना, काय सांगू! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. सगळं सगळ्यांना दिसलं, आणि आम्ही जिवंत!

मॅडम म्हणाल्या, "डेटा सगळ्यांचा झाला, आता विकायला आपल्याकडे आपलं असं राहिलं काय? शेतकरी ज्याला बांधावर उभं करतो, तो माणूस. तू राहतोस." बाकीचे दोन मालकही तेच म्हणाले. तिघांनी गुणाबाईला सल्लागार व्हायला विचारलं, तर ती म्हणते, "मी कुना येकाची न्हाय. तिगंबी पोरं इकडं धाडा."

म्हणजे आता रोज सहाला आम्ही तिघं दिघाशीला हजर. आधी भेंडी तोडायची, मग ओल विचारायची. भेंडी तोडलीय कधी? हाताला अशी खाज सुटते! परवा चुलतभावाची हळद होती, मॅडमकडे सुट्टी मागितली, तर म्हणाल्या, "मला काय विचारतोस? गुणाबाईंनी सोडलं तर जा." गेलो तिच्याकडे. तिनं मला खालून वर बघितलं आणि म्हणाली, "हलद सांजची ना? मंग सकालची भेंडी कोन तोडंल?"

तोडली. काय करणार... बाबांनी विचारलं, हाताला काय झालं रे? म्हटलं, बाबा, डेटात आहे ना!