टाकीतली झोप

आमच्या ह्यांनी मला एकदा कसं घाबरवलं ते सांगते. हे बोटीवर इंजिनरूममध्ये असतात. यंदा सुट्टीवर आले ते झोप हरवूनच. आडवे झाले की कानात इंजिन घरघरायचं, पाठ तर लाकडासारखी आखडलेली. भाट्याच्या किनाऱ्याला एका रिसॉर्टमध्ये तरंगायची टाकी आल्याचं कळलं. कोमट पाण्यात इतकं मीठ, की माणूस बुडतच नाही. वर झाकण, आत काळोख, आवाज शून्य. तासभर पडून राहिलं की अंग मोकळं होतं, डोकं शांत होतं म्हणे.

हे आत गेले, मी बाहेर बाकावर. दहा मिनिटं कशीबशी काढली, मग माझ्या येरझाऱ्या सुरू झाल्या.

"आतून आवाज कसा नाही हो?" मी टाकी सांभाळणाऱ्या बाईंना विचारलं.

"ताई, नसायलाच हवा."

थोड्या वेळाने राहवेना. टाकीवर थापा मारल्या. उत्तर नाही.

"उघडा आधी!" मी ओरडलेच.

त्यांनी झाकण उचललं. हे पाण्यावर हातपाय पसरून गाढ झोपलेले. उजेडाने दचकले. "काय झालं? इंजिन बंद पडलं काय?"

"अहो, मी आहे. बरे आहात ना?"

"चार महिन्यांनी डोळा लागला होता गो," हे कळवळून म्हणाले आणि झाकण स्वतःच ओढून घेतलं.

मला रडावं की हसावं कळेना. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि हळूच विचारलं, "ताई, उद्या तुम्ही झोपता काय आत?"