दसऱ्याची पिवळी नळी

सर : थांबा, आवडाबाई! तो नारळ प्रयोगशाळेत नको.

आवडाबाई : का वो सर? दसऱ्याला आम्ही होडीला फोडतो. ठाण्याहून डोंबिवलीला लेकीच्या यंत्रासाठी आणलाय.

शीला : आई, माझ्या नळीत पाण्याचा एक थेंब गेला ना, तरी खेळ खल्लास. गेल्या दसऱ्याला तेच झालेलं.

सर : गेल्या वर्षी तुझा पदार्थ आपणहून मेला.

शीला : सर, हवेतला ओलावा लागू नये म्हणून मी नायट्रोजनखाली बूच काढलेलं, आणि तुम्ही आंब्याच्या पानाने सगळ्या उपकरणांवर पाणी शिंपडलंत!

सर : मी?... बरं. पण रंगाचं काय? तुझ्या पदार्थाचा पिवळेपणा मळाचा, असं माझं मत आहे. आज पटवलं नाहीस तर संशोधनाचा विषय बदलायचा, ठरलंय आपलं.

शीला : कबूल. ही पिवळी नळी. आणि ही दुसरी बघा.

सर : ही तर रंगहीन.

शीला : दोन्हीत मधला कार्बन तोच, दोन्ही बाजूंना फॉस्फरस तोच. फक्त फॉस्फरसवरचे गट बदलले. पिवळीत बेंझिनची कडी, हिच्यात मिथिल.

आवडाबाई : मला कळंल असं बोल गो!

शीला : अगं, कार्बन एरवी चार हात धरतो. ह्याने दोनच शेजारी धरलेत, उरलेले चार इलेक्ट्रॉन स्वतःजवळच. म्हणून तो दिसेल त्याच्यावर धावून जातो. कडीवाले शेजारी त्याचा थोडा भार वाटून घेतात, म्हणून तो जरा शांत, आणि पिवळा. मिथिलवाले भार घेत नाहीत, वर आणखी देतात. तो भलताच तापट.

आवडाबाई : म्हंजे तुझ्या आत्यासारखा.

सर : समजलं. पण दुसरी नळी स्वच्छ आणि पहिली मळकी, असंही असू शकतं.

शीला : हातच्या काकणाला आरसा कशाला? ह्या बशीत चिमूटभर पिवळी पूड काढते. सर, शिंपडा पाणी. ह्या वेळी मीच सांगतेय.

सर : मी?

आवडाबाई : शिंपडा वो सर, मुहूर्ताचं पाणी हाय.

(सर आंब्याचं पान पूजेसाठी ठेवलेल्या पाण्याच्या तांब्यात बुडवून बशीवर झटकतात.)

आवडाबाई : अगं बाय, पांढरी झाली!

सर : लगेच! पिवळेपणाचा मागमूस नाही.

शीला : मळ असता तर पाण्याने असा पळाला असता? रंग त्या कार्बनचाच होता, सर. कार्बनने पाणी धरलं, रंग गेला. जिंकले मी! आई, जिंकले!

आवडाबाई : माझी वाघीण! दर्याला आवाज जाईल असा नारळ फोडते आता.

सर : व्हरांड्यात फोडा, आवडाबाई. पहिला तुकडा शीलाला. विषय तोच राहील, आणि परीक्षकांपुढे हीच बशी ठेवू.

शीला : सर, बंद नळीला झेंडू वाहू? कोरडा आहे.

सर : वाहा ना. थांब जरा, हा पाण्याचा तांब्या मी आधी बाहेर ठेवून येतो.