चौऱ्याऐंशी शेतांची शेपटं

...छे छे, मी जळत नाही! कोणी सांगितलं तुम्हाला, आमच्या हिनं? अहो, साडूचं भलं झालं तर माणसाला आनंदच होतो... होत असावा. तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं मी कंपनीसाठी कॉफी खरेदी करतोय, मूठभर बी नुसतं हुंगून कुठल्या उतारावरचं ते सांगतो, आणि मालकांनी सल्लागार म्हणून आणलं कोणाला? माझ्या साडूला! ज्यानं शेत पाहिलं ते कॉम्प्युटरवर. म्हणे, जंगल तोडून लावलेली कॉफी आता मोठी गिऱ्हाइकं घेणार नाहीत, प्रत्येक पोतं कुठल्या शेतातलं ते नकाशावर दाखवा. आणि मला शिकवतोय, "दादा, फोन हातात धरून बांधावरून एक फेरी मारायची, रेघ आपोआप उमटते." मला! बांधावरून चालायला! मालक आपले माना डोलावतायत. जळत नाही हं मी, फक्त सांगतोय.

त्यात मालकांनी जाहीर केलं की आम्हाला कॉफी देणारी चौऱ्याऐंशी शेतं जो नीट मोजून आणेल तो खरेदीप्रमुख. नऊ वर्षं डोळा होता माझा त्या खुर्चीवर. निघालो ना! पण सगळी ओळखीची माणसं, कॉफी पाजल्याशिवाय कोण सोडतंय? आणि मला साखरेचं दुखणं. निम्मा बांध चालून झाला की पंचाईत... आता कोणाच्या उभ्या पिकात जाणार का मी? शेजारच्या जंगलात जायचो, आडोशाला. फोन? तो हातातच होता की.

बैठकीत भिंतीएवढ्या पडद्यावर नकाशा लागला आणि बघतो तर काय, प्रत्येक शेताला जंगलात घुसलेलं एक शेपूट! गिऱ्हाइकाकडच्या बाई म्हणाल्या, या सगळ्यांनी जंगलात शिरकाव केलेला दिसतोय, यांचा माल बंद. त्या शेतकऱ्यांत ती उतारावरची म्हातारीही होती, जिनं मला पहिल्या वर्षी बी ओळखायला शिकवलं. साडू हळूच म्हणाला, "दादा, हे काय असेल?"

गप्प बसलो असतो तर खुर्ची कदाचित मिळाली असती. पण उठलो.

"तिथं कोणी झाड तोडलं नाही. तिथं मी गेलो होतो."

"कशासाठी?" बाई विचारतायत. काय सांगणार, कपाळ?

"साखर आहे मला," म्हटलं.

साडूनं कॉम्प्युटरवर टकटक केलं आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की प्रत्येक शेपटाच्या टोकाला दोन-दोन मिनिटं मुक्काम आहे, दादा खरं बोलतायत. माल वाचला. बाई हसल्या, मालकांनी पाठ थोपटली... त्याची! खुर्चीही त्यालाच. चूक पकडली म्हणे त्यानं. केली कोणी, ते कोणी विचारेना.

आणि आता ऐका. हल्ली म्हणे सगळ्या कंपन्यांत नवीन माणसांना पहिल्याच दिवशी शिकवतात, आधी फोनवरची फेरी थांबवा, मग आडोशाला जा. परवा जेवताना ही कौतुकानं सांगत होती, "बघा तरी, नियमाला आमच्या धाकटीच्या नवऱ्याचं नाव दिलंय!"

जळत नाही हो मी. पण चौऱ्याऐंशी वेळा गेलो मी, आणि नाव झालं त्याचं.