दर चार कळ्यांनी

लाइन जुळताना कॉम्प्युटर किर्र किर्र करायचा, आठवतंय का? तो आवाज आला की माझा जीव भांड्यात पडायचा. गंगापूर रोडच्या नेटकॅफेत बसून, एका बोटाने, मी दुबईच्या लेकीला पत्र लिहीत होतो. तिला बाळ झालं होतं. तासभर लिहिलं आणि लाइन गेली. पान पुन्हा उघडलं, तर कोरं!

कॅफेतली मुलगी इंजिनिअरिंगला होती. तिनेच बनवलेला ब्राउझर होता तो. ती धावत आली.

"लाइन गेली की सगळं जातंच, आजोबा. परत लिहा."

"पोरी, गजऱ्याला आम्ही फुलवाले दर चार कळ्यांनी गाठ मारतो. दोरा तुटला तरी चारच कळ्या सांडतात. तुझ्या ब्राउझरला गाठ मारता येत नाय का?"

तिने एक कागद ओढला आणि लिहिलं, 'दर चार ओळींनी गाठ: लिहिलेलं आपोआप साठवायचं.' मग ती आपल्या कॉम्प्युटरकडे निघून गेली.